अन्नपूर्णेमागची काळी बिल्डिंग

महूनाक्यावरून अन्नपूर्णा रस्त्याला लागलेला प्रवासी दसरा मैदानाच्या आसपास आला, की त्याची नजर मंदिराच्या महाद्वाराकडे वळल्यावाचून राहात नाही. पूर्णाकृती हत्तींनी पेललेले ते द्वार पाहून दक्षिणेची यात्रा करून आलेल्यांस मदुरेच्या मीनाक्षीची आठवण होते. मंदिर १९५९ सालचे. २०२३ साली त्याच आवारात पांढऱ्या संगमरवराचे नवे मंदिर उभे राहिले, आणि तेव्हापासून तर बाहेरगावच्या गाड्यांची रीघच लागलेली असते. इंदुरात उतरलेला मराठी पाहुणा राजवाडा आणि लालबाग पाहतो, सायंकाळी अन्नपूर्णेचे दर्शन घेतो आणि मग सराफ्यात खावयास जातो. हा क्रम आमच्या लहानपणापासून आजवर मोडलेला नाही.

त्या मंदिराच्या मागच्या एका गल्लीत आमचे घर आहे. पत्ता सांगताना घराचा क्रमांक, गल्लीचे नाव यांतले काहीच सांगावे लागत नाही. "मंदिर के पीछे, वो काली बिल्डिंग," एवढे म्हटले की रिक्षावाला मान डोलावतो. तळमजला धरून चार मजले, चोवीस बिऱ्हाडे, आणि बाहेरच्या अंगाला गिलावा म्हणून नाही. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसे, त्या लाकडाच्या गाठींसकट, भिंतींवर अजून जसेच्या तसे आहेत. छज्जे जाड, कठडे छातीइतके उंच, प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद गॅलरी, आणि कठड्यांतच ओतलेल्या चौकोनी कुंड्या. मुळात तिचा रंग राखाडी होता. चाळीसएक पावसाळ्यांचे ओघळ आणि शेवाळ वाळून ती काळी झाली आणि तेच तिचे नाव पडले. ज्या संस्थेने ती बांधली तिचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. बांधून झाल्यावर तिने पुन्हा या बाजूस ढुंकूनही पाहिले नाही, इतके सांगितले तरी पुरे.

अशा या इमारतीची छायाचित्रे काढण्यास गेल्या मार्गशीर्षात पाच मुले आली. त्यांना घेऊन आली होती आमची भाची. ती भोपाळला वास्तुकला शिकते. कोणी जिन्याखाली आडवे पडून वर पाहात होते, कोणी छज्जाची सावली टिपत होते, आणि एक मुलगी तर फळ्यांच्या ठशांवरून हात फिरवीत, शिलालेख वाचावा तशी उभी होती. भाची धावत वर आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही ब्रूटलिस्ट इमारतीत राहता आणि कधी बोलला नाहीत!"

आमच्या सौभाग्यवती चहा गाळीत होत्या. त्यांनी आतूनच सांगितले, "अगं, रंगाला पैसे उरले नाहीत म्हणून ती तशीच राहिली. त्यात बोलायचं काय?"

आम्हांस त्या शब्दाचाच राग आला. ब्रूट म्हणजे पशू, क्रूर, एवढे इंग्रजी आम्हांसही येते. ज्या घरात आई-वडील गेले, मुले वाढली, त्याला असे नाव! पण भाचीने समजावून सांगितले, ते भाषेच्या विद्यार्थ्याला गंमतीचे वाटेल म्हणून लिहितो. शब्द मुळात फ्रेंच आहे. 'बेतों ब्रूत' म्हणजे कोरे काँक्रीट. कोरे कापड, कोरा चहा म्हणतो त्या अर्थाने कोरे. फ्रान्समधील मार्सेय शहरात ल कॉर्ब्युझिए याने १९५२ साली ३३७ बिऱ्हाडांची एक प्रचंड इमारत पुरी केली आणि तिचे काँक्रीट न लिंपता, न रंगवता तसेच उघडे ठेवले. गावकऱ्यांनी तिला नाव दिले 'वेड्याचे घर'. पुढे इंग्रज वास्तुकारांनी ही रीत उचलली आणि १९५० च्या दशकात तिला ब्रूटलिझम म्हणू लागले. म्हणजे कोऱ्याचे क्रूर झाले ते इंग्रजीच्या उंबरठ्यावर. ते वेड्याचे घर मात्र २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. याच कॉर्ब्युझिएने उभारलेला चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही त्याच वेळी त्या यादीत आला.

आता आमच्या इमारतीची कथा. आम्ही येथे आलो १९८२ साली. त्यापूर्वी रामबागेत आजोबांच्या वेळेपासूनच्या भाड्याच्या वाड्यात राहात होतो. मातीच्या भिंती, कौलारू छत, मध्ये चौक आणि चौकात तुळशीवृंदावन. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबारास इंदूरविषयी दोन खंडांचा अहवाल सादर केला, त्यात या तुळशीवृंदावनाचा त्याने आवर्जून गौरव केलेला आहे. जुनी घरे सरसकट पाडून सरळ रस्ते काढू नयेत, नेमका रोग असेल तेवढाच कापावा, असे त्याचे मत होते. आमच्या वाड्यातला रोग मात्र नेमका सापडण्यापलीकडे गेलेला होता. सात कुटुंबांत मिळून एक नळ आणि दोन संडास, आणि दर पावसाळ्यात एक भिंत बसे. वडिलांनी भविष्यनिधीतून कर्ज काढले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतःचे न्हाणीघर नावावर करून घेतले.

सिमेंट परवान्यावर मिळण्याचे ते दिवस होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले, ते पूर्णपणे उठण्यास १९८९ साल उजाडले. ज्या काळात घरच्या मोरीला दोन पोती सिमेंट हवे तरी अर्ज करावा लागे, त्या काळात अख्खी इमारत सिमेंटची असणे हीच केवढी प्रतिष्ठा! वडील पाहुण्यांना जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटून दाखवीत. "पाहिलंत? शंभर वर्षं हलायची नाही." रामबागेतील मंडळी तोंडावर वाहवा करीत आणि परत जाताना कबूतरखाना म्हणत, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

आईने पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला: "तुळस कुठं ठेवायची?" वडिलांनी कठड्यातली काँक्रीटची कुंडी दाखविली. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने वाड्यातल्या वृंदावनातली माती पिशवीतून आणवली. त्या कुंडीत तुळस जी लागली ती आजतागायत आहे.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ते घर आम्हांस प्रथम आवडले नाही. माळव्याची रात्र थंड, अशी तिची हिंदुस्थानभर ख्याती आहे. ती रात्र आमच्या खोल्यांत मात्र येत नसे. पश्चिमेची भिंत वैशाखात दिवसभर ऊन पिऊन घेई आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते सावकाश परत करी. सारी बिऱ्हाडे गाद्या घेऊन गच्चीवर जात. भिंतीत खिळा जात नसे, वाकून उडे. म्हणून देवाची तसबीरसुद्धा पहिली दोन वर्षे ट्रंकेवर टेकवून ठेवली होती.

आवडू लागले ते गॅलरीमुळे. सहा फूट रुंदीची ती गॅलरी म्हणजे रस्ता, अंगण आणि ओसरी एकाच ठिकाणी. पापड तेथेच वाळत, मुले तेथेच क्रिकेट खेळत. आमच्या बहिणीच्या साखरपुड्याची पंगत त्या गॅलरीत बसली होती, आणि शेजारच्या जैन, सिंधी नि माळवी घरांतील बायकांनी वाढले होते. मराठी, हिंदी, माळवी यांची जी खिचडी आमच्या मुलांच्या तोंडी आहे ती तेथेच शिजली. ज्याने ही इमारत रेखाटली त्याला उघड्या काँक्रीटचे वेड होते की खर्चाची ओढाताण होती, ते देव जाणे. पण गॅलरी सहा फुटांची ठेवताना त्याने कंजुषी केली नाही, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

मग काळ पालटला. १९९० नंतर इंदुरात चोहीकडे 'मल्टी' उभ्या राहू लागल्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सदनिकांच्या इमारतीला आमच्याकडे मल्टीच म्हणतात. त्यांच्या गुलाबी-पिवळ्या रंगांपुढे, चकचकीत फरशांपुढे आणि पुढे निळ्या काचांपुढे आमची इमारत विधवेसारखी दिसू लागली. मुलीसाठी स्थळ पाहावयास आलेल्या एका गृहस्थांनी जिन्यातच विचारले होते, "इथेच राहणार आहात का पुढेही?" आम्हांस वाईट वाटले ते त्यांच्या प्रश्नाने नव्हे. आम्ही उत्तरादाखल "नाही, बघतोय दुसरं" असे चटकन खोटे बोललो, त्याने वाटले.

आणि २०१९ च्या भाद्रपदात स्वयंपाकघराच्या छताचा परातीएवढा तुकडा पोळपाटाशेजारी येऊन पडला. सौभाग्यवती दूधवाल्याला पैसे देण्यास दारात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. वर पाहिले तर तांबड्या, फुगलेल्या सळ्या. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे समजावून दिली. ताजे काँक्रीट क्षारधर्मी असते, आणि तो क्षारच आतल्या लोखंडाचे गंजण्यापासून रक्षण करतो. हवेतील कर्बवायू आणि ओल वर्षानुवर्षे आत झिरपत जातात आणि तो क्षार मारतात. मग सळई गंजते. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि ती मिळाली नाही की वरचे काँक्रीट फोडून बाहेर पडतो. सळईवर काँक्रीटचा थर जितका पातळ तितके हे लवकर घडते. गिलावा आणि रंग हे निव्वळ नटणे नसते, तेही पाणी थोडेफार अडवितात. कोऱ्या भिंतीची काळजी म्हणूनच अधिक घ्यावी लागते. आमच्या चोवीस बिऱ्हाडांनी मिळून चाळीस वर्षांत काय घेतली? दरमहा वर्गणी जमा व्हायची ती पाण्याच्या मोटारीवर आणि जिन्यातल्या दिव्यांवर खर्चायची. वडिलांची शंभर वर्षे अर्ध्यावरच आली, त्यात काँक्रीटचा दोष किती आणि आमचा किती, हे आम्हांस आजही नीट ठरविता येत नाही.

भाचीला हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, इंदुरातच अरण्य आहे. पाहिलंत का?" पाहिले होते, म्हणजे निवडणुकीच्या कामासाठी एकदा गेलो होतो आणि मतदारयादीपलीकडे मान वर केली नव्हती. तेव्हा एका रविवारी मामा-भाची निघालो. अन्नपूर्णेहून शहराचे पार दुसरे टोक, जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूस.

अरण्य ही वसाहत इंदूर विकास प्राधिकरणाने बाळकृष्ण दोशी यांच्याकडून आखून घेतली. दोशी जातीने गुजराती, परंतु जन्म पुण्याचा, १९२७ चा. पुढे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण झाले, आणि १९५१ ते ५४ पॅरिसला त्याच कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केले. कोऱ्या काँक्रीटचे धडे त्यांनी गुरूच्या घरीच गिरविलेले. अहमदाबादेत त्यांनी तशा इमारती बांधल्याही. पण इंदुरात, सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत, त्यांनी गरिबांना पुरे घर दिलेच नाही. जोते, नळ, संडास-न्हाणीघर आणि फार तर एक खोली. पुढचे ज्याचे त्याने, जमेल तसे, जमेल तेव्हा बांधावे. कसे बांधता येईल ते दाखविण्यास ऐंशी नमुन्याची घरे उभारली. १९८९ साली काम पुरे झाले, १९९५ साली त्याला आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले.

भाचीच्या भ्रमणध्वनीत त्या ऐंशी घरांची जुनी चित्रे होती. बाहेरून चढणारे जिने, ओटे, छोटे सज्जे, सगळे कसे रेखीव. ती चित्र हातात धरून गल्लीगल्लीतून घरे शोधीत होती आणि तिला ती ओळखू येत नव्हती. ओट्यांवर दुकाने झालेली, सज्जांना जाळ्या, जिन्यांवर पत्रे, एक मजल्याचे तीन झालेले, आणि दर्शनी भिंतींना न्हाणीघरात शोभाव्यात अशा फरशा. "काय करून टाकलंय हो हे!" ती कळवळून म्हणाली. ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "कोई सर्वे है क्या, साब?" सर्वे नाही म्हटल्यावर त्यांनी बसावयास सांगितले आणि आपले घर किती वेळा वाढविले ते बोटांवर मोजून सांगितले. थोरल्याच्या लग्नाच्या वेळी वरची खोली, धाकट्याच्या वेळी त्यावरची, आणि मधल्या एका वर्षी नुसते दार. दाराविषयी बोलताना ते सर्वांत अधिक खुलले.

भाची खट्टू झाली होती, आणि आम्ही, खोटे कशाला सांगा, हेव्याने पाहात होतो. त्या गृहस्थांचे घर त्यांच्याबरोबर वाढले होते. आमचे एकदाच ओतले गेले. त्यात आम्हांस खिळा ठोकता आला नाही, आणि ते झिजले तेव्हा त्याला हात कोठून लावावा तेही कळले नाही.

परतताना गाडीत तिने विलायतेच्या गोष्टी सांगितल्या. लंडनमधील रॉबिन हूड गार्डन्स ही १९७२ ची कोऱ्या काँक्रीटची वसाहत वाचविण्यासाठी मोठमोठे वास्तुकार पुढे सरसावले, तरीही २०१७ पासून ती पाडली गेली. तिचा एक तीन मजली तुकडा मात्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपून ठेवला. शेफील्डची १९६१ ची पार्क हिल १९९८ साली संरक्षित ठरली. पुढे ती रंगरूप पालटून नव्या लोकांना विकली जाऊ लागली, आणि जुने भाडेकरू बरेचसे पांगले. म्हणजे एका ठिकाणी माणसेही गेली नि इमारतही गेली, आणि दुसऱ्या ठिकाणी इमारत तेवढी राहिली. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पुरे केलेले कांचनजंगाही काँक्रीटचेच. त्यात बिऱ्हाडे बत्तीस, आणि तेथील घर आजही श्रीमंतांच्या स्वप्नातले समजतात. देखभालीस पैसा असला की काँक्रीट म्हातारे होत नाही, असे आम्ही म्हणालो, तर ती रुसली.

तिला आम्ही मग आपल्या माणसांची गोष्ट सांगितली. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, त्याही काँक्रीटच्याच. बांधल्या तेव्हा त्या तुरुंगासारख्या वाटत, कामगार तेथे राहावयास नाखूश असत, आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांतील काहींचा खरोखरच तात्पुरता तुरुंग झाला. पुढे वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा मिळून २०७ चाळींत गिरणगावाचा अर्धा संसार थाटला गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुनी खोली होती एकशेसाठ फुटांची. आमचे एक आतेभाऊ त्यांतलेच. फोनवर ते आनंदाने रडले. आठ दिवसांनी पुन्हा फोन आला: "घर झकास आहे रे. पण दार लावलं की कुणाचाच आवाज येत नाही. टीव्ही लावून झोपतो."

हे सारे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्याच गच्चीवरच्या सभेचे. एक विकासक आमची इमारत पाडून अकरा मजली मल्टी बांधण्यास तयार आहे. प्रत्येकास अधिक जागा, खाली वाहनतळ, दोन लिफ्ट. अभियंत्याने हातोडीने ठोकून पाहिले. कोठे खणखणीत आवाज आला, कोठे बद्द. दुरुस्ती होऊ शकेल, पण बिऱ्हाडामागे येणारा खर्च निम्म्या मंडळींच्या वर्षभराच्या पेन्शनएवढा. संमतिपत्र फिरले. आमच्यापाशी आले तेव्हा त्यावर एकोणीस सह्या झालेल्या होत्या. सचिव म्हणाले, "सर, आप तो पढ़े-लिखे हैं, आप रोकेंगे तो चार और रुक जाएँगे."

आम्ही ते घरी आणून दोन रात्री उशाशी ठेवले. भाचीचे लांबलचक पत्र आले होते. इमारत नोंदवून घ्यावी, अर्ज करावा, शहराच्या एका कालखंडाची ही खूण आहे, इत्यादी. पत्र सुरेख होते. मराठीत र्‍हस्व-दीर्घाच्या चुका सहा. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. तिसऱ्या मजल्यावरून त्या आठवड्यातून एकदा, मंगळवारी, अन्नपूर्णेस जाण्यासाठी उतरतात आणि परत चढताना प्रत्येक वळणावरच्या कठड्यावर हात टेकून थांबतात. त्याच कठड्यावर वडील मूठ आपटीत असत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सही केली. खाली हाताने एक ओळ लिहिली, की नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सहा फूट रुंदीची सामाईक गॅलरी असावी. सचिव हसले. विकासकाच्या माणसाने ते सूचनेच्या रकान्यात घेतले आहे, म्हणजे ते होणार नाही, इतका अनुभव सरकारी नोकरीने आम्हांस दिलेला आहे. तरी उरलेल्या चारांपैकी तिघांनी सही करताना तीच ओळ आपापल्या हाताने लिहिली.

भाचीला कळविले तेव्हा ती आठ दिवस बोलली नाही. मग मित्रमंडळींसह आली, पाडण्यापूर्वी सगळ्या इमारतीची मापे घेऊन नकाशे करून ठेवतो म्हणाली. सध्या शनिवार-रविवारी ती मुले येथेच असतात. काल गॅलरीत टेप धरण्यास माणूस कमी पडला म्हणून एक टोक आम्ही धरले. रुंदी सहा फूट नव्हे, पाच फूट दहा इंच भरली. तुळशीची कुंडी कठड्याबरोबरच ओतलेली असल्याने अखंड निघणार नाही, असे मिस्त्री सांगून गेला आहे. सौभाग्यवतींनी माती भरण्यासाठी तेलाचे दोन रिकामे डबे धुऊन उन्हात ठेवले आहेत.